क्लॅट : इंग्रजी उताऱ्यांचा अभ्यास

स्वरूप : राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या, आणि त्यांतच मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांच्याही, पदवीप्रवेशासाठी जी क्लॅट परीक्षा घेतली जाते, तिच्या १२० प्रश्नांपैकी २२ ते २६ प्रश्न इंग्रजीचे असून ते सुमारे ४५० शब्दांच्या उताऱ्यांवर आधारलेले असतात.

मुदत व गुण : एकंदर मुदत २ तास; बरोबर उत्तरास १ गुण, चुकीच्या उत्तरास ०.२५ गुणाची वजावट. सबब निव्वळ अदमासाने उत्तर देण्याचा मोह उमेदवाराने आवरावा.

वाचन : उतारा प्रथम सलग वाचून प्रत्येक परिच्छेदाचे प्रयोजन मनाशी चार शब्दांत नमूद करावे, आणि ‘हाउएव्हर’सारखा शब्द येईल तेथे क्षणभर थांबावे, कारण इतरांचे मत सांगून झाल्यावर लेखक स्वतःचे प्रतिपादन बहुधा तेथूनच आरंभितो.

पर्यायांची छाननी : उताऱ्यात ‘काही नद्या आटल्या’ एवढाच मजकूर असता ‘सर्व नद्या आटल्या’ असे सांगणारा पर्याय, त्याची भाषा कितीही डौलदार असली तरी, त्याज्य समजावा, कारण निवडलेल्या उत्तराचा आधार उताऱ्यातील ओळीवर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

सराव : मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजी वृत्तपत्रातील एक अग्रलेख रोज वाचून त्याचा सारांश आरंभी निःसंकोचपणे मराठीतच लिहावा, कारण आशय ग्रहण करण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी असतेच, आणि ते इंग्रजीतही चालते असा प्रत्यय आला, म्हणजे परभाषेचे भय ओसरू लागते.