शाळेतले मंत्रिमंडळ

मुरुडचे नाव निघाले की महर्षी धोंडो केशव कर्वे आठवणारच. त्यांच्या आत्मवृत्तातील एक हकीकत आम्ही कामगारांच्या अभ्यासवर्गांत अनेकदा सांगितली आहे. पब्लिक सर्व्हिसच्या परीक्षेला बसण्यासाठी विद्यार्थी धोंडू मुरुडहून साताऱ्यास, सुमारे ११० मैल, पायी गेला. परीक्षेला सतरा वर्षे पुरी असावी लागत. ती होती, जवळ तसा दाखलाही होता. पण कमिटीच्या अध्यक्षांनी मुलाची किरकोळ अंगकाठी पाहिली आणि वय पटत नाही म्हणून त्याला परत पाठविले. दाखल्यापेक्षा अंगकाठी खरी ठरली!

लहान दिसणाऱ्याचे म्हणणे ऐकायचे नाही, ही आपली जुनीच रीत आहे. तिच्यावर उतारा म्हणून आता प्राथमिक शाळांत मंत्रिमंडळे निवडली जातात. कोठे त्यांना बालसंसद म्हणतात. चिठ्ठ्या टाकून, बोटाला शाई लावून मतदान होते. अलीकडे मोबाइललाच मतदानयंत्र करतात. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, पाणीमंत्री, क्रीडामंत्री असे खातेवाटपही होते. मुलांना मोठी गंमत वाटते, आणि वाटावीच.

पण पुढे काय? एका शाळेत पाणीमंत्री असलेल्या मुलीला आम्ही विचारले, "बाई, तुमच्या खात्याचे काम काय?" ती म्हणाली, "गुरुजी सांगतील ते."

आम्हांला मुकादम आठवला. मुकादमही कामगारांतूनच येतो, परंतु तो वरचा हुकूम खाली पोहोचवितो. प्रतिनिधी खालचे गाऱ्हाणे वर नेतो. पाण्याचा हंडा भरून घेणारी मुलगी मुकादम झाली. नळ फार उंच आहे, पहिलीतल्या मुलांचा हात पोहोचत नाही, असे मुख्याध्यापकांना सांगणारी प्रतिनिधी झाली. मंत्रिमंडळ खरे की सोंग, हे आम्ही एवढ्यावरूनच ओळखतो.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सरकार वर्क्स कमिटी नेमावयास लावू शकेल, अशी तरतूद होती. कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी नसावेत, असेही तीत होते. अशा कमिट्यांत आमच्या आयुष्याची बरीच वर्षे गेली. काही चहाच्या कपाबरोबर संपत. ज्या जगल्या, त्यांच्या टेबलावर एक वही असे: मागणी काय, उत्तर काय, केव्हापर्यंत. नकार आला तरी कारणासह लिहिलेला असे. नकाराने माणूस तितका पेटत नाही, जितका उत्तरच न मिळाल्याने पेटतो. शाळेलाही अशी एक वही पुरे. आठवड्यातून अर्धा तास बसावे, मागच्या आठवड्याची पाने आधी वाचावीत.

"मुले शेफारतील" असे पालक म्हणतात. पोलंडमध्ये यानुश कोर्चाक नावाच्या डॉक्टरांनी वॉर्सातील अनाथाश्रमात मुलांचे न्यायालय चालविले. तेथे मोठ्यांवरही फिर्याद करता येई. खुद्द कोर्चाकही त्या न्यायालयापुढे उभे राहिले. १९४२ साली नाझींनी ती मुले ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेली, तेव्हा ते त्यांना सोडून गेले नाहीत. मुले त्यांना काय मानत असतील, ते आम्ही वेगळे सांगायला नको. आपल्या शेजारी कर्नाटकात तर १९९० च्या सुमारास पोटासाठी राबणाऱ्या मुलांनी भीमा संघ नावाची स्वतःची संघटनाच काढली. आम्हां युनियनवाल्यांना तिचे कौतुक वाटले, थोडी लाजही वाटली. आमच्या सभासद-नोंदणीत ती मुले कधी आलीच नव्हती.

कायदाही मुलांच्या बाजूस आहे. मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचे मत विचारात घ्यावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात आहे. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली, आणि महाराष्ट्रात त्या समितीत विद्यार्थी प्रतिनिधींनाही जागा दिली. वहीतली जी गोष्ट शाळेच्या आवाक्याबाहेरची, ती या मुलांनी तेथे न्यावी. मात्र सभा मुलांना उमजेल अशा भाषेत चालली पाहिजे. नाहीतर पोरे जांभया देत बसतील.

आमच्या कोकणात वाडीवाडीवर दहा-पंधरा पटाच्या शाळा आहेत. तेथे निवडणूक कशाला? सगळी शाळाच गोल करून बसवावी. बोलक्या मुलालाच मते पडतात, हा निवडणुकीचा दोष तेथे आपोआप टळतो. आणि मुखदुर्बळ मुलांसाठी चिठ्ठीची पेटी ठेवावी, कारण काही गोष्टी चारचौघांत बोलवत नाहीत.

आम्ही शिकलो त्या शाळेत मुलींच्या मुतारीला दार होते, कडी नव्हती. एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राही. कित्येकजणी दिवसभर पाणीच पीत नसत. गुरुजींनी कधी विचारले नाही, मुलींनी कधी सांगितले नाही. आणि कडी दोन-चार रुपयांची. आम्ही चार वर्षे त्याच आवारात खेळलो, पण हे आम्हांला धाकट्या बहिणीकडून कळले, तेव्हा तिची मुलगी शाळेत जाऊ लागली होती.