काकी वाचल्याशिवाय सही करत नाहीत

१८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो बाजारातून तेवीस कोटी डॉलरची नाणी एका फटक्यात गेली. रुपयांत म्हणायचं तर दोन हजार कोटींच्या घरात. दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून आलेली वाघनखं लोकांना पाहायला ठेवली गेली. सातारकरांना दुसरी बातमी मोठी होती, आणि ते बरोबरच आहे. माझ्या डोक्यात मात्र दोन्ही बातम्या एकमेकींना चिकटून बसल्या, कारण दोन्हीकडे वाद पुराव्याचा. वाघनखांच्या डबीवर मजकूर आहे: जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाने ती त्याला दिली. पण महाराजांनी वापरली ती हीच, याची खातरजमा करता आलेली नाही, असं ती सांभाळणारं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय स्वतःच सांगतं. पुरावा जो काही आहे तो डबीवर, वस्तूवर नाही. वझीरएक्सचं उलटं. तिथे सहा किल्ल्यांची तिजोरी होती. पाच किल्ल्या कंपनीकडे, सहावी लिमिनल या सांभाळणाऱ्या संस्थेकडे; पैसे हलवायला कंपनीच्या तीन आणि लिमिनलची एक सही लागायची. त्या दिवशी चारही सह्या खऱ्या होत्या. तरी पैसे गेले.

म्हणून विट्याकडचं एक गलाई कुटुंब आपल्या तीन किल्ल्यांच्या बिटकॉइन खात्यावरून एका संदेशावर सही करायला सांगलीत वकिलांकडे येणार आहे असं कळलं, तेव्हा ओळख काढून मीही जाऊन बसलो.

गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. खानापूर, आटपाडी, तासगाव, पलीकडे माण-खटाव इथली माणसं पिढ्यान् पिढ्या या कामासाठी देशभर पांगलेली. या घरातल्या काकींच्या थोरल्या दिरांचं दुकान केरळात. धाकट्याने, म्हणजे काकींच्या मालकांनी, कधीतरी हौसेने बिटकॉइन घेतले आणि ते वारले. साताऱ्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याने मग सगळं एका खात्यात आणून तीन किल्ल्या केल्या: एक स्वतःकडे, एक विट्याला काकींकडे, एक सांगलीत बँकेच्या लॉकरमध्ये. तिन्हींपैकी कुठल्याही दोन किल्ल्यांच्या सह्या हव्यात. विकास सोसायटीच्या चेकवर चेअरमन आणि सचिव या दोघांच्या सह्या लागतात, तसलाच हा प्रकार.

आता वाटणीचा कागद व्हायचा होता. वकिलांचं म्हणणं साधं होतं: जमिनीचा सात-बारा आहे, घराचा उतारा आहे, ह्याचं काय आहे? नाणी प्रत्यक्ष इकडून तिकडे हलवून दाखवता आली असती, पण पुतण्याला ते नको होतं. एप्रिल २०२२ पासून अशा व्यवहारांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, जुलैपासून एक टक्का टीडीएसही आला. स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात टाकणं म्हणजे विक्री नव्हे, पण ते साहेबांना समजावत कोण बसणार? संदेशावरच्या सहीने मात्र पैसा जागचा हलत नाही. किल्ली ज्याच्या हातात त्याने एक वाक्य लिहायचं, किल्लीने त्यावर सही काढायची. जगात कुणीही ती तपासावी.

ऑफिस मार्केट यार्डाजवळ, पहिल्या मजल्यावर. हळदीच्या सौद्यांचा हंगाम होता आणि खिडकी बंद असूनही तो कोरडा, थोडा मातकट वास कागदांना, खुर्च्यांना, चहाला सगळ्याला लागलेला. सह्या तपासायला लॅपटॉपवर बसलेला मुलगा टेबलावरची भडंगाची पुडी बाजूला सारत म्हणाला, "तेलकट बोटं यंत्राला लावू नका." यंत्र म्हणजे पेनड्राइव्हएवढी डबी, दोन बटणं, नखाएवढा पडदा. किल्ली त्या डबीच्या बाहेर कधी येत नाही, एवढाच तिचा गुण.

एका किल्लीच्या खात्यावरून अशी सही करणं जुनं झालं. ऑस्ट्रेलियाचा क्रेग राइट आपणच बिटकॉइनचा जनक असं कोर्टात सांगत होता. तिथे त्याचे म्हणून गणल्या गेलेल्या खात्यांच्या पत्त्यांपैकी १४५ पत्त्यांवरून मे २०२० मध्ये कुणीतरी संदेश सही करून टाकला की हा माणूस लबाड आहे. सही करणारा कोण, ते आजवर बाहेर आलेलं नाही. तो राइट नव्हता एवढं मात्र १४५ वेळा सिद्ध झालं. मार्च २०२४ मध्ये लंडनच्या हायकोर्टानेही तो बिटकॉइनचा जनक नव्हे असं म्हटलं.

अनेक किल्ल्यांच्या खात्याची गोष्ट वेगळी. त्या पत्त्याला स्वतःची किल्लीच नसते. पत्ता म्हणजे 'या तीन किल्ल्या, त्यांतल्या दोन पुरेत' या नियमाचा गोळीबंद सारांश. त्यामुळे बरीचशी सॉफ्टवेअरं 'सही करा' म्हटलं की हात वर करतात. कधीच पाठवता येणार नाही असा खोटा व्यवहार रचून त्यावरच सह्या घ्यायची पद्धत २०१८ मध्ये सुचवली गेली, पण ती अजून सगळीकडे चालत नाही. म्हणून मग लांबचा रस्ता: प्रत्येकाने आपापल्या किल्लीने त्याच वाक्यावर वेगळी सही करायची, तिन्ही गुप्त किल्ल्यांच्या जोडीच्या सार्वजनिक किल्ल्या उघड करायच्या, आणि तपासणाऱ्याने त्यांच्यापासून पत्ता पुन्हा बांधून तो जुळतो का पाहायचं. पत्ता ६२ अक्षरांचा.

वाक्यात तारीख हवी, कशासाठी ते हवं. नाहीतर एकाला दिलेला पुरावा दुसरा कुणी तिसरीकडे दाखवेल. आणि आधीच करून ठेवलेली सही आज काढली असं होऊ नये म्हणून तपासणाऱ्याने आयत्या वेळी काहीतरी सांगायचं असतं. वकिलांनी खाली माणूस पाठवून हळदीचा त्या सकाळचा दर मागवला आणि तो वाक्यात घालायला लावला. मला हे फार आवडलं.

पुतण्याने वाक्य मराठीत लिहिलं. 'साताऱ्याचे अमुक व विट्याच्या अमुक यांच्या ताब्यात' वगैरे. त्याने आपल्या फोनवर टाइप केलं, आपल्या डबीत घातलं, बटण दाबलं. मग काकींची पाळी.

काकींनी चष्मा लावला, डबी डोळ्यांजवळ धरली. त्या पडद्याला देवनागरी येत नव्हती. तिथे नुसती अक्षर-आकड्यांची भेळ.

"हे काय लिहिलंय?"

"काकी, लॅपटॉपवर आहे तेच."

"लॅपटॉपवरचं मला दिसतंय की. ह्यात काय हाय ते दाखव."

"ह्यात मराठी दिसत नाही ओ."

"मग मी सही कशावर करू?"

पुतण्या जरा वैतागला. मुलगा मध्ये पडला, म्हणाला पैसे काही जात नाहीत यातून, नुसता संदेश आहे. काकींनी डबी टेबलावर ठेवली आणि हात पदरात घेतले. या जिल्ह्यांत कोऱ्या कागदावर अंगठा देऊन जमिनी घालवलेल्यांच्या गोष्टी घरोघरी आहेत. काकींच्या माहेरीही असेल एखादी. मी विचारलं नाही.

तेवढ्यात मुलाने पुतण्याची सही तपासायला घेतली. चूक. पुन्हा घातली. पुन्हा चूक. किल्ली बरोबर, पत्ता बरोबर, वाक्य अक्षरन् अक्षर तेच. अर्धा तास गेला. शेवटी दोष सापडला तो 'साताऱ्याचे' मध्ये. त्यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक तर ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, नाहीतर साधा र घेऊन आणि त्याच्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह देऊन. फोनने एक तऱ्हा वापरली होती. लॅपटॉपवर मुलाने वाक्य हाताने पुन्हा लिहिलं तेव्हा दुसरी. पडद्यावर दोन्ही सारखेच. यंत्राच्या लेखी दोन निराळी वाक्यं.

म्हणजे 'लॅपटॉपवर आहे तेच' हे खरं नव्हतंच. काकींना हे कुणी समजावून सांगितलं नाही. मला वाटतं सांगायला हवं होतं.

कारण वझीरएक्समध्ये नेमकं हेच झालं, असं कंपनीचं म्हणणं होतं: पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्यावरच झाली. लिमिनलने आपली यंत्रणा फुटल्याचं नाकारलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने उत्तर कोरियाच्या हॅकरांकडे बोट दाखवलं. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या परदेशी बाजारातून दीडशे कोटी डॉलर गेले, तेही असेच. अनेक किल्ल्या, अनेक माणसं, आणि सगळे एकाच खोट्या पडद्याकडे बघून मान डोलवतायत. तिथे एकालाही काकींसारखं डबी टेबलावर ठेवून बसायचं सुचलं नाही. किल्ल्या वाढवल्या की सुरक्षा वाढते असं जे उठसूट सांगितलं जातं, त्यावर माझा आता फारसा विश्वास नाही.

एकच किल्ली असणं त्याहून वाईट, हेही खरं. पुण्यात गेनबिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. आरोपींच्या खात्यांतली नाणी आपल्याकडे वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. किल्ली ज्याच्या हाती लागली, यंत्राच्या दृष्टीने मालक तोच.

शेवटी वाक्य रोमन लिपीत, साध्या अक्षरांत, छोटं करून लिहिलं: नावं, तारीख, वाटणीसाठी, हळदीचा दर. आता ते डबीच्या पडद्यावर तुकड्यातुकड्याने सरकत दिसत होतं. काकी सोन्याच्या पावत्या वाचत आलेल्या, इंग्रजी अक्षरांची त्यांना भीती नाही. एकेक शब्द ओठांत पुटपुटत त्यांनी तो उजवीकडच्या बटणाने पुढे नेला. दर आला तेव्हा थांबून वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी मान हलवली.

मग पत्ता. हे खरं तर गरजेचं नव्हतं, पण त्यांनी मागितलं. ६२ अक्षरं डबीवरून त्या वाचणार, पुतण्या कागदावर टिकल्या करणार. या पत्त्यांच्या अक्षरमाळेतून गोंधळ करणारी काही चिन्हं मुद्दाम गाळलेली असतात, सुरुवातीच्या 'बीसी१' नंतर १, बी, आय आणि ओ कुठेच येत नाहीत, तरी पाच आणि एस काकींना त्रास देत होते. चाळिसाव्या अक्षराच्या आसपास खाली हमालांचा आरडाओरडा झाला, हिशेब चुकला, आणि त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. ६२ पूर्ण झाली तेव्हा पुतण्याही शांत झाला होता.

दोन्ही सह्या पडल्या. ८८-८८ अक्षरांच्या दोन ओळी, शेवटी बरोबरचं चिन्ह. मुलाने तपासल्या, पत्ता पुन्हा बांधला, जुळला. मराठेशाहीतल्या पत्राखाली मोर्तब करत, त्याच्या खाली कुणी ओळ वाढवू नये म्हणून. इथे ओळच काय, एक टिंब वाढलं तरी सही मोडते. त्या बाबतीत हे मोर्तब पक्कं.

वकिलांच्या टायपिस्टने प्रतिज्ञापत्र तयार केलं. त्यात पत्त्याचं पहिलं अक्षर संगणकाने आपणहून मोठ्या लिपीतलं केलं होतं; लहान-मोठ्या अक्षरांचा असा मिसळ पत्ता ग्राह्यच नसतो. मुलाच्या ते लक्षात आलं, पान पुन्हा छापलं. काकींनी तेही सगळं वाचलं.

मग वकिलांनी खरा प्रश्न काढला. सह्यांनी एवढंच ठरलं होतं की आज ही दोघं मिळून ही नाणी हलवू शकतात. ती कुणाची, हे ठरलं नव्हतं. वाटेकरी चार: काकी, त्यांची मुलगी, केरळातले दीर आणि पुतण्या. किल्ल्या तीन. पुतण्या म्हणाला, किल्ली आणि वाटा यांचा संबंध जोडू नका, ती नुसती व्यवस्था आहे. वकील म्हणाले, भांडण लागल्यावर कोर्टाला व्यवस्था कळत नाही, कागद कळतो. लॉकरमधली तिसरी कुणाच्या नावाने लिहू ते सांगा.

"माझ्या लेकीच्या," काकी म्हणाल्या.

पुतण्याने केरळला फोन लावला. दिरांना ते मान्य नव्हतं, आणि वाटणीपत्रातला तो रकाना त्या दिवशी मोकळाच राहिला.