सनद हवी, झोपही हवी

नुकतेच कोर्टात जाऊ लागलेले तरुण वकील माझ्याकडे येतात. तक्रारी ठरलेल्या : डोके जड, पित्त, वाचलेले लक्षात राहत नाही. दिवसभर सीनिअरच्या हाताखाली धावपळ, अन् रात्री दोनपर्यंत चहाच्या जोरावर अभ्यास. दुसरे काय होणार?

वकिली पुढे चालू ठेवण्यासाठी नव्या पदवीधरांना २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. प्रश्न १००, सर्व बहुपर्यायी. टिपणे नसलेली कायद्याची मूळ पुस्तके सोबत नेता येतात. म्हणजे घोकंपट्टीपेक्षा नेमके कलम चटकन सापडेल असे ताजे डोके हवे.

वाचलेले पक्के होते ते झोपेत. चहातले कॅफिन मात्र पाच-सहा तासांनीही निम्मे शरीरात उरते. म्हणून दुपारी चारनंतर चहा नको. रात्री दहाला दिवा मालवा, पाचला उठा आणि कोर्टाआधी दीड तास वाचा. दुपारचा डबा चुकवू नका.

पंधरा दिवसांत फरक न पडल्यास डॉक्टरांना दाखवा. छातीत धडधडत असेल तर लगेच. झोपेच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका.