श्रूजबेरीत मुळशीचा आंबेमोहर: मूळ कृतीत किती बदल चालतो?

पुण्याहून गावी निघालेल्याच्या पिशवीत श्रूजबेरीचे खोके असतेच. घरी ही बिस्किटे करताना मात्र कोणी अंडे टाळतो, कोणाला मैदा कमी हवा असतो. मग मुळशीच्या आंबेमोहराची कणी दळून वापरली तर चालेल का?

मूळ पदार्थ कुठला?
श्रूजबेरी हे इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातले शहर. तिथल्या 'श्रूजबेरी केक'ची कृती सतराव्या शतकातल्या पाकपुस्तकांत सापडते. मैदा, लोणी, साखर, अंडी आणि सोबत गुलाबपाणी व मसाले असा तो प्रकार होता. पुण्यात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ मध्ये कयानी बेकरी सुरू झाली आणि हे नाव पुण्याचेच झाले. इथल्या बिस्किटात मसाला नाही, बटरची चव पुढे असते. म्हणजे बदल आधीच झालेला आहे.

तांदळाचे पीठ का चालते?
मैद्यात पाणी मिसळून मळले की ग्लुटेनची चिवट जाळी तयार होते. बिस्किटाला ती नको असते. तांदळात ग्लुटेन नाही, त्यामुळे बिस्किट खुसखुशीत होते. स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडमध्येही तांदळाचे पीठ घालतात. पण प्रमाण पाव हिश्श्यापर्यंतच ठेवावे, नाहीतर बिस्किट हातात घेताच भुगा होतो.

बाकीचे बदल कसे करावेत?
बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्के पाणी असते, तर तूप जवळजवळ पूर्ण स्निग्ध असते. म्हणून १२० ग्रॅम बटरऐवजी १०० ग्रॅम तूप आणि चहाचे चार चमचे दूध घ्यावे. अंडे पीठ बांधून ठेवते. ते वगळल्यास गोळा जमेपर्यंत थोडे दूध वाढवावे. गूळ ओलावा धरतो, त्यामुळे कुरकुरीतपणा हवा असेल तर पिठीसाखरच बरी. १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम तांदळाचे पीठ आणि १०० ग्रॅम पिठीसाखर हे प्रमाण घरी करून पाहण्याजोगे आहे.

शेतकऱ्याला काय?
आंबेमोहराचे उत्पादन कमी, त्यात भरडताना दाणा लवकर तुटतो. अख्ख्या तांदळाला मिळणारा भाव कणीला मिळत नाही. पिठाला गिऱ्हाईक मिळाले, तर तुटलेल्या दाण्याचेही पैसे होतील.

नाव तेच ठेवता येते?
घरी काहीही म्हणा. पाकीटबंद विक्रीत मात्र घटकांची यादी छापावीच लागते. अंडे असल्यास हिरवा ठिपका चालत नाही, तपकिरी त्रिकोण लागतो. नाव जुने ठेवले तरी आत काय घातले आहे, हे खाणाऱ्याला कळलेच पाहिजे.