ग्रामसभेला गेलं नाही तरी ठराव होतोच! आपलं म्हणणं मांडायचं कसं आणि नोंदवून घ्यायचं कसं?

नाशिक : गावात पाण्याच्या टाकीचं काम अर्धवट आहे, घरकुलाच्या यादीत नाव नाही, वस्तीवरचा रस्ता पावसात वाहून गेला. यावर चर्चा पारावर होते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होते. पण जिथे व्हायला पाहिजे तिथे, म्हणजे ग्रामसभेत, बऱ्याचदा होत नाही. "जाऊन काय उपयोग, त्यांना करायचं तेच करतात," असं म्हणून अनेक जण घरीच थांबतात. नेमका इथेच घोटाळा होतो.

कोरमचं गणित समजून घ्या

ग्रामसभेला मतदार यादीतल्या १५ टक्के किंवा १०० मतदारांची हजेरी लागते, यापैकी जो आकडा कमी असेल तो धरतात. ४०० मतदारांच्या गावात ६० जण पुरतात, १,२०० मतदारांच्या गावात १०० लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते. मात्र तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा कोरमची अट राहत नाही. समोर पंधरा-वीस जण असले तरी ठराव मंजूर होतो आणि तो अख्ख्या गावाचा ठराव ठरतो. म्हणजे घरी बसल्यानं निर्णय थांबत नाही, फक्त आपल्याशिवाय होतो.

हा हक्क आहे, मेहेरबानी नाही

अमेरिकेत काउंटी बोर्डाच्या बैठकीत लोकांना बोलायला साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात. बोर्ड ऐकून घेतं, मतदान मात्र सदस्यच करतात. आपल्याकडे पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या सभेतही निर्णय निवडून आलेले सदस्यच घेतात. ग्रामसभेचं तसं नाही. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्यच असतो. तो बोलू शकतो, विचारू शकतो, ठरावावर हात वर करू शकतो. ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली आहे.

राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार आर्थिक वर्षात किमान ४ ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. पुरेसं कारण नसताना सभा टाळली तर सरपंचपद धोक्यात येऊ शकतं आणि ग्रामसेवकावर (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) निलंबनाची कारवाई होऊ शकते.

पेसा गावांत पाड्याचीही ग्रामसभा

सुरगाणा, पेठ, कळवण तालुक्यांत आणि दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, बागलाण, नाशिक तालुक्यांतल्या अनेक गावांत पेसा कायदा लागू आहे. १९९६ च्या या कायद्याचे राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. इथे पाड्याला किंवा वस्तीला स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. योजनांचे लाभार्थी निवडणं, गौण वनोपज, गौण खनिज, दारूबंदी, भूसंपादन अशा विषयांत या ग्रामसभेच्या शब्दाला कायद्यानं वजन दिलं आहे. मोठ्या गावाच्या सभेत पाड्याचा आवाज दबतो, अशी तक्रार असेल तर हा मार्ग माहीत असायला हवा.

सभेला जाताना काय करायचं?

१. नोटीस पाहा. सर्वसाधारण सभेची नोटीस ७ दिवस आधी लागते. विषयपत्रिकेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

२. आपला विषय आधी लेखी द्या. सरपंचांच्या नावानं साधा अर्ज लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

३. एकच मुद्दा, नेमका मांडा. "गावात कामंच होत नाहीत" असं म्हटलं की वाद होतो. "अमुक वस्तीच्या पाइपलाइनला किती खर्च झाला?" असं विचारलं की उत्तर द्यावं लागतं. ई-ग्रामस्वराजवर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च पाहता येतो. तो आधी बघून जा.

४. कोऱ्या पानावर सही किंवा अंगठा नको. हजेरीची सही वेगळी आणि ठरावाला संमती वेगळी. वर काय लिहिलंय ते वाचा, नाहीतर वाचून दाखवायला सांगा.

५. ठराव तिथेच मोठ्यानं वाचून घ्या. आपला विरोध असेल तर तोही इतिवृत्तात लिहायला लावा.

६. नंतर नक्कल मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. त्याला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

तरीही दाद लागली नाही तर?

पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. वैयक्तिक गाऱ्हाणं असेल तर लोकशाही दिन आहे. तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पहिल्या सोमवारी तो भरतो. आधी तालुका, मग जिल्हा असा क्रम असतो. जिल्ह्याच्या लोकशाही दिनासाठी अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. कोर्टात चालू असलेली प्रकरणं तिथे घेतली जात नाहीत.

या प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच येतो : "कागद काय आहे?" ग्रामसभेतली पोच आणि इतिवृत्तातली नोंद हाच तो कागद. पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की शेजाऱ्यालाही सांगा आणि घरातल्या बायकांनाही सोबत घेऊन जा.