पाण्याच्या वाटेने श्रीलंका

नकाशावर भारताच्या दक्षिण टोकाजवळ थेंबासारखी दिसणारी श्रीलंका इतकी आटोपशीर वाटते, की सहल कंपनीचा आधार न घेता स्वतःच्या आखणीने तिथे प्रथमच जाणाऱ्याला संपूर्ण बेटाची प्रदक्षिणा एका दमात उरकण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ६५,६१० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे हे बेट महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे मोठे असून त्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ४३० किलोमीटर आहे. मधोमध डोंगराळ प्रदेश असल्यामुळे आणि बहुतेक रस्ते गावांमधून जात असल्यामुळे कोलंबो ते कँडी हे जेमतेम ११५ किलोमीटरचे अंतर कापायलाही तीन तास सहज लागतात. म्हणून पहिल्या प्रवासात प्रदक्षिणेचा हट्ट सोडावा आणि बेटाच्या इतिहासाने स्वतः जी वाट धरली तीच वाट धरावी, हे उत्तम. ती वाट पाण्याची आहे.

श्रीलंकेत पावसाळे दोन असतात. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल आणि डोंगराचा पश्चिम उतार यांवर बरसतात, तर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य वारे उत्तर आणि पूर्व भागाला पाऊस देतात. त्याआधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बेटावर सर्वत्र जोरदार सरी पडतात आणि वादळांची भीतीही याच दिवसांत असते. या रचनेमुळे भूगोलात बेटाचे मुख्यतः दोन भाग मानले जातात. नैर्ऋत्येकडील आर्द्र प्रदेशात वर्षाला २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि उत्तर-पूर्वेकडील विस्तीर्ण शुष्क प्रदेशात १,७५० मिलिमीटरहून कमी पडतो, तोही मुख्यतः वर्षअखेरीच्या काही महिन्यांत. ज्याला प्राचीन नगरे, डोंगर आणि दक्षिण किनारा असा तिहेरी प्रवास करायचा आहे त्याने जानेवारी ते मार्च हा काळ निवडावा. पूर्वेकडील त्रिंकोमालीच्या समुद्राची ओढ असेल तर मात्र मे ते सप्टेंबर हाच काळ योग्य ठरतो.

बेटावरची पहिली मोठी संस्कृती पाऊस मुबलक असलेल्या प्रदेशात बहरली नाही. ती शुष्क प्रदेशात बहरली, आणि याचे कारण तलाव. तलावाला सिंहली भाषेत ‘वॅव’ म्हणतात आणि हा शब्द गावांच्या, रस्त्यांच्या, अभयारण्यांच्या नावांत प्रवाशाला पदोपदी भेटतो. थोड्या महिन्यांत पडणारा पाऊस मातीच्या लांबलचक बांधांमागे अडवून वर्षभर भातशेतीला पुरवण्याचे तंत्र येथील स्थपतींनी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतच इतके प्रगत केले होते, की खोल तलावातून पाणी सोडताना त्याच्या दाबाने बांध फुटू नये म्हणून ते ‘बिसोकोटुव’ नावाची चौकोनी दगडी विहीर बांधत असत. बांधाच्या पोटात उभारलेल्या या विहिरीत पाण्याचा जोर मोडे आणि तिच्यातून पाणी बेताने कालव्यात उतरे.

या व्यवस्थेचे केंद्र म्हणजे अनुराधपूर, आणि प्रवासाचा आरंभही तिथूनच व्हावा. विमान कोलंबोच्या उत्तरेस कटुनायके येथे उतरते, त्यामुळे शहरात न शिरता थेट उत्तरेकडे निघणे सोयीचे असते. अनुराधपुरात निदान दोन रात्री राहावे आणि सायकल भाड्याने घ्यावी, कारण अवशेष अनेक किलोमीटरांवर विखुरलेले आहेत. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेहून आणलेल्या फांदीपासून वाढला असे परंपरा सांगते तो बोधिवृक्ष, राजा दुट्ठगामणीचा शुभ्र रुवन्वेलिसाय स्तूप, आणि तिसऱ्या-चौथ्या शतकातला, मूळचा सुमारे १२२ मीटर उंच मानला जाणारा जेतवन स्तूप, ही येथील मुख्य स्थळे होत. स्तूपाला सिंहलीत ‘दागब’ म्हणतात. ‘धातुगर्भ’ या शब्दापासून, म्हणजे अवशेष पोटात ठेवलेली वास्तू या अर्थाने, तो सिद्ध झाला. कार्ले-भाजे येथील लेण्यांच्या जुन्या मराठी वर्णनांत भेटणारा ‘दागोबा’ हा याच कुळातला शब्द होय. पूर्वेस १२ किलोमीटरवर मिहिंतलेची टेकडी आहे, जिथे अशोकपुत्र महेंद्राने राजा देवानांपिय तिस्साला धम्माचा उपदेश केला असे मानतात.

सिगिरियाकडे जाताना कलावॅव हा तलाव वाटेत घ्यावा, कारण त्यावाचून सिगिरियाची कथा अर्धीच कळते. पाचव्या शतकात राजा धातुसेनाने तो बांधला आणि त्याचे पाणी सुमारे ८७ किलोमीटर लांबीच्या, अत्यंत मंद उताराच्या कालव्याने अनुराधपुरापर्यंत पोहोचवले. पुत्र कश्यपाने सत्ता बळकावून संपत्ती कुठे दडवली आहे असे विचारले, तेव्हा धातुसेनाने या तलावात उतरून, ओंजळीत पाणी घेऊन, आपली सारी संपत्ती हीच असल्याचे सांगितले, अशी कथा ‘चूळवंस’ या पाली इतिवृत्तात आहे. पित्याचा वध करवणाऱ्या कश्यपाने इ. स. ४७७ ते ४९५ या काळात सपाटीवरून सुमारे २०० मीटर उंच उठणाऱ्या एकाकी खडकावर राजवाडा उभारला, त्याच्या पायथ्याशी कारंज्यांची जलोद्याने रचली आणि कड्यावर स्त्रीचित्रे रंगवून घेतली. अजिंठ्याचे उत्तरकालीन चित्रकाम याच शतकातले असल्याने मराठी वाचकाने ही चित्रे त्या स्मृतीसह पाहावीत. तुलना फार उद्बोधक ठरते. चढण सुमारे १,२०० पायऱ्यांची आहे, म्हणून दार उघडताच चढावे. पासपोर्ट जवळ असावा, कारण सार्क देशांच्या नागरिकांना अशा स्थळी प्रवेशशुल्कात सवलत मिळते.

पोलोन्नरुवा या दुसऱ्या राजधानीला सिगिरिया किंवा हबरण येथून एका दिवसात जाऊन येता येते. चोळांना हुसकावल्यानंतर बाराव्या शतकात पराक्रमबाहू पहिला याने जुने तलाव जोडून ‘पराक्रम समुद्र’ हा जलाशय निर्माण केला. पावसाचा एकही थेंब माणसाच्या उपयोगी न पडता समुद्राला मिळू नये, हे त्याचे धोरण होते असे इतिवृत्त सांगते. गल विहारातील महापरिनिर्वाण अवस्थेतील बुद्धमूर्तीपाशी, उशीवर पडलेली मस्तकाची हलकी खळगी दगडात कशी उतरवली आहे हे पाहण्यासाठी, पुरेसा वेळ राखून ठेवावा.

इ. स. १२१५ मध्ये कलिंगाच्या माघाने केलेल्या आक्रमणानंतर तलावांची व्यवस्था ढासळत गेली आणि राजधान्या टप्प्याटप्प्याने नैर्ऋत्येच्या पावसाळी प्रदेशाकडे सरकल्या. प्रवाशानेही आता तिकडेच वळावे. पोर्तुगीज १५०५ मध्ये आले, पुढे डच आले. तरी डोंगरातले कँडीचे राज्य १८१५ पर्यंत टिकले. बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिरासाठी विख्यात असलेल्या या बौद्ध राज्यात गोव्याचे धर्मगुरू जुझे वाझ १६९२ मध्ये पोहोचले. डचांनी कॅथलिकांवर बंदी घातली असताना कँडीच्या राजाने आधी हेर समजून त्यांना कैदेत टाकले, पण नंतर आश्रय दिला. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. आपल्याकडून या बेटावर येणाऱ्यांची वाट पुढेही चालू राहिली: गोव्याचेच धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये पाली शिकण्यासाठी कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात आले आणि तेथे श्रामणेर झाले, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये बौद्ध परिषदेसाठी या बेटावर आले होते.

कँडीहून एल्ला या डोंगरी गावाकडे जाणारा लोहमार्ग मळ्यांतला माल बंदराकडे नेण्यासाठी डोंगरात वाढवला गेला. तांबेरा रोगाने कॉफीची झाडे नष्ट झाल्यावर तिथे चहा आला आणि मळ्यांत राबण्यासाठी दक्षिण भारतातून आणलेल्या तमिळ मजुरांचे वंशज आजही तिथेच आहेत. हा सहा-सात तासांचा प्रवास पट्टिपोला येथे १,८९८ मीटर उंची गाठतो. आरक्षित जागा झपाट्याने संपतात आणि मोठ्या पावसात दरडी कोसळून मार्ग दीर्घकाळ बंद राहू शकतो, त्यामुळे गाडी चालू असल्याची खात्री करूनच पुढची निवासव्यवस्था ठरवावी.

इतर तयारी थोडी आहे. प्रवेशपरवान्याचे नियम वारंवार बदलत आल्याने ते सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत. पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’च्या दिवशी, सार्वजनिक सुट्टी असते, मद्यविक्री बंद असते आणि तीर्थस्थळी गर्दी लोटते. मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये, कारण तो अवमान मानला जातो. शाकाहारी माणसाने खोबऱ्याच्या ‘पोल सांबोल’ चटणीत सुक्या माशाचा चुरा आहे का हे विचारून घ्यावे; फणसाची ‘पोलोस’ आमटी मात्र चुकवू नये. उत्तरेकडील जाफना या प्रवासात ओढूनताणून बसवू नये. १९८१ मध्ये ज्या शहराचे ग्रंथालय जाळले गेले आणि ज्याने १९८३ ते २००९ चे गृहयुद्ध सोसले, त्याला एक स्वतंत्र प्रवास द्यायला हवा.

एल्लाहून डोंगर उतरून दक्षिण किनाऱ्याने गॉलला यावे. पोर्तुगीजांनी आरंभलेला आणि डचांनी सतराव्या शतकात भक्कम केलेला तिथला किल्ला अजून वसता आहे. त्याच्या गल्ल्यांखालून डचांनी बांधलेली गटारे समुद्राच्या पाण्याने धुतली जात. २००४ च्या त्सुनामीत तटाबाहेरचे शहर आणि क्रिकेटचे मैदान उद्ध्वस्त झाले, तटाच्या आतली वस्ती मात्र बऱ्याच अंशी वाचली. संध्याकाळी गावातले लोक त्याच तटावर फिरायला येतात. तिथून द्रुतगती मार्गाने विमानतळ काही तासांवर आहे.