दंडार : झाडीपट्टीचे गावनाट्य

दंडार हे वैनगंगेच्या खोऱ्यातील लोकनाट्य आहे. नाच, गाणे, सोंग आणि संवाद हे तिचे चार घटक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून होणाऱ्या टापूला झाडीपट्टी म्हणतात. तिची बोली ती झाडीबोली. गोंदिया १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत तो भंडाऱ्याचाच भाग होता, त्यामुळे दंडारीच्या बाबतीत या दोन जिल्ह्यांत रेघ ओढता येत नाही. धानाची शेती आणि मालगुजारी तलाव ही या मुलखाची ओळख आहे. दंडारीचे वेळापत्रकही धानाच्याच हिशेबाने चालते.

दंडारीचे मंडळ ही व्यावसायिक कंपनी नसते. गावातील शेतकरी, शेतमजूर आणि कारागीर मिळून ते उभे राहते. कुणबी, कोहळी, पोवार, तेली, ढिवर, गोंड अशा अनेक समाजांची वस्ती या भागात आहे आणि गावच्या मंडळातही गावाचेच प्रतिबिंब पडते. पावसाळ्यात रोवणीच्या धांदलीत कोणालाही फुरसत नसते. रोवणी उरकून हात मोकळे झाले की रात्रीच्या जेवणानंतर तालीम सुरू होते. गाणी आणि संवाद बहुतेक ऐकून पाठ केले जातात. जुन्या माणसाच्या मागे उभे राहून नवा मुलगा पाय टाकायला शिकतो. सगळे कलावंत पुरुष असतात. स्त्रीभूमिका मिसरूड न फुटलेल्या किंवा अंगलोट नाजूक असलेल्या तरुणाकडे जाते.

दंडारीचे मुख्य प्रकार तीन. खडी दंडार उभ्याने, नाचत गायली जाते. तिच्यात पदन्यासाला महत्त्व असते. बैठी दंडार बसून गायची असते आणि तिच्यात गाण्याला मान असतो. परसंगी दंडारीत एखादा ‘परसंग’, म्हणजे कथाभाग, सोंगे घेऊन उभा केला जातो. नाटकाच्या सर्वांत जवळचा प्रकार तोच. रामायण-महाभारतातील आख्याने, हरिश्चंद्राची कथा आणि गावातील व्यसन, हुंडा, भांडणे हे सारे त्यात येते.

परसंगी दंडारीला रंगमंच लागतोच असे नाही. गावातील चौक, देवळापुढची जागा किंवा मोठे अंगण पुरते. प्रेक्षक चारी बाजूंनी बसतात आणि मधल्या रिकाम्या जागेत खेळ होतो. पूर्वी उजेड पलित्यांचा असे. पुढे पेट्रोमॅक्स आला, मग विजेचे दिवे. ढोलकी आणि टाळ ही मूळ साथ. पेटी नंतर आली. सुरुवात नमनाने होते. मग कथा पुढे सरकते ती गाण्यातून. पात्र आत येते, वादकांभोवती फेर धरते, एक कडवे म्हणते, साथीदार ते उचलतात, आणि कडवे संपताच ढोलकी थांबून दोन-चार वाक्यांचा संवाद होतो. संवाद झाडीबोलीतच. विनोदी पात्राला आयत्या वेळी काहीही बोलायची मुभा असते; गावच्या पाटलापासून सावकारापर्यंत कोणीही त्याच्या तावडीतून सुटत नाही.

या खेळाचे खरे व्यासपीठ म्हणजे मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. हलका धान घरात येऊ लागलेला असतो आणि भारी धान शेतात उभा असतो, अशा दिवसांत दिवाळी येते. बलिप्रतिपदेला गोवारी समाज गायगोधन साजरे करतो, आणि भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात. प्रत्येक गाव आपला दिवस वेगळा ठेवते, म्हणजे शेजारच्या गावकऱ्यांना येता येते. लेकी माहेरी येतात, पाहुणे जमतात, सोयरिकीची बोलणी होतात. दिवसा शिंगाडे, ऊस आणि मिठाईची दुकाने लागतात आणि रात्री दंडार रंगते. खर्च गाव वर्गणीतून उचलते, त्यामुळे प्रेक्षकांकडून तिकीट घेतले जात नाही.

मंडईतच दंडारीची सख्खी बहीण खडी गंमत भेटते. ती विदर्भाचा तमाशा मानली जाते. शाहीर, वादक आणि नाच्या सारे उभ्यानेच खेळ करतात. गण, गवळण आणि लावणी असा तिचा क्रम असून ढोलकीबरोबर चोनका हे तंतुवाद्य वाजते. दोन शाहिरांचे फड समोरासमोर उभे राहून सवाल-जवाब करतात, तेव्हा तिला दुय्यम खडी गंमत म्हणतात.

आजची झाडीपट्टी रंगभूमी याच मुळातून वाढली. तिच्या नाट्यमंडळ्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे एकवटल्या आहेत. हंगामात त्या मंडई आणि शंकरपटांच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, गावी तिकीट लावून प्रयोग करतात. भंडारा जिल्ह्यात लाखनीचा शंकरपट प्रसिद्ध आहे. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नाटकात स्त्रिया आल्या, नेपथ्य आले, प्रमाण मराठीचा वावर वाढला. दंडार मात्र वर्गणीवर आणि बोलीवर राहिली.

शेजारच्या आदिवासी परंपरेतही दिवाळीच्या दिवसांत दंडारी नाचली जाते. यवतमाळचे कोलाम आणि तेलंगणातील आदिलाबादचे गोंड ती परंपरा पाळतात. गोंडांच्या दंडारीतील गुसाडी नृत्याचे कलावंत कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. झाडीपट्टीच्या दंडारीची नोंद घेण्याचे मोठे काम साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केले. झाडीबोलीचा शब्दकोश आणि ‘झाडीपट्टीची दंडार’ हा ग्रंथ ही त्यांची कामे अभ्यासकांना आधारभूत आहेत.

दंडारीपुढच्या अडचणी उघड आहेत. तरुण मजुरीसाठी आणि नोकरीसाठी नागपूरकडे जातात, म्हणून तालमीला माणसे जमत नाहीत. मंडईच्या वर्गणीतून नाटक किंवा ऑर्केस्ट्रा ठरवणे गावाला सोपे वाटते. स्वच्छता, व्यसनमुक्ती अशा सरकारी मोहिमांत लोककलावंतांना कलापथक म्हणून काम मिळते आणि वृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. मानधनाने कलावंताचे म्हातारपण सुसह्य होते, पण नवा नाचणारा घडत नाही. तो तालमीतच घडतो आणि तालीम मंडईच्या ओढीने होते. म्हणून दंडार टिकवायची तर मंडईच्या वर्गणीतील एक रात्र गावाने आपल्याच मंडळासाठी राखून ठेवायला हवी.